सुताराचा सांचा आणि हाताची राखण

यंत्रयुगाचा इतिहास सांगतांना बाष्पयंत्र, सूत काढण्याचें यंत्र, आगगाडी व विजेची मोटार यांचीं नांवें अगत्यानें घेतलीं जातात. परंतु ज्या एका साध्या उपकरणावांचून यंत्राचा एक भाग दुसऱ्या भागासारखा करणें दुरापास्त झालें असतें, त्याचा उल्लेख या इतिहासांत क्वचितच सांपडतो. इंग्रजी कारखान्यांत या उपकरणास जिग म्हणतात. आपल्याकडील कारागीर कोणी तोच शब्द वापरतात, तर कोणी त्यास सांचा म्हणतात. ओतकामाचा सांचा निराळा व हा निराळा. येथें कांहीं ओतावयाचें नसतें. कापावयाची वस्तु ठराविक जागीं व ठराविक कोनांत धरून ठेवणें, अथवा कापणाऱ्या हत्यारास ठराविक वाट दाखविणें, एवढेंच याचें काम. पाळण्याचे बारा गज सारख्या लांबीचे कापावयाचे असतील तर सुतार प्रत्येक गज मोजीत बसत नाहीं. फळीवर एक ठोकळा ठोकतो, गजाचें टोंक त्यास टेकवितो आणि कापतो. तो ठोकळा हा सांचाच होय.

या सांच्याचा इतिहास थोडक्यांत सांगून, त्यांतून आज उत्पन्न झालेल्या एका धोक्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें असा आमचा हेतु आहे. विजेच्या हत्यारांबरोबर वापरावयाचा सांचा हा वस्तुतः हाताची राखण करणारा असावयास पाहिजे. तोच घरच्या घरीं जुळवून यंत्रास जोडला असतां पुष्कळदां हाताचा घात कां करतो, हा तो प्रश्न आहे.

हातहत्यारांच्या काळांत हा प्रश्न उद्भवत नव्हता. तसबिरीच्या चौकटीचे कोपरे जुळविण्यासाठीं सुतार तीन फळ्यांची एक पन्हळ करतो, तिच्या दोन्ही भिंतींस पंचेचाळीस अंशांच्या खाचा पाडतो आणि त्या खाचांतून करवत चालवितो. ही पन्हळ वेडीवांकडी झाली तर चौकट बिघडते. यापलीकडे फारसें कांहीं होत नाहीं. लांकूड सुटलें किंवा करवत अडली तर हात थांबतो, आणि हात थांबला म्हणजे करवतहि थांबते. कारण करवतीचें बळ तें हाताचेंच बळ. बोटास करवत लागली तर जखम होते, पण बोट सहसा जात नाहीं. पुढें बळ एकीकडे व हात दुसरीकडे अशी फारकत झाली, आणि सांच्यावर नवीच जबाबदारी येऊन पडली.

ही फारकत मोठ्या प्रमाणावर झाली ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथच्या आरमारी गोदींत. फ्रान्सशीं युद्ध चालू असतां इंग्रजी आरमारास दरसाल सुमारें एक लक्ष लांकडी कप्प्या लागत. शिडें व दोर ओढण्यासाठीं एकेका मोठ्या युद्धनौकेवर त्या हजाराच्या आसपास असत. आरमारी बांधकामांचा मुख्य निरीक्षक सर सॅम्युएल बेंथॅम हा प्रसिद्ध तत्त्ववेत्ता जेरेमी बेंथॅम याचा धाकटा भाऊ. त्यानें १७९१ व १७९३ सालीं लांकूडकामाच्या यंत्रांचीं पेटंटें घेतलीं होतीं. या यंत्रांमागील एक विचार ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जेरेमीनें एका आदर्श तुरुंगाची योजना आंखली होती, व त्या तुरुंगांतील कैद्यांकडून हीं यंत्रें चालवून घेण्याचा दोघां भावांचा विचार होता. ज्यास सुतारकी येत नाहीं त्याच्याकडूनहि सुताराचें काम व्हावें, हा या यंत्रांचा हेतु प्रथमपासूनच होता.

१८०१ सालीं मार्क इझंबार्ड ब्रूनेल या फ्रेंच निर्वासितानें कप्प्या करण्याच्या यंत्रांचें पेटंट घेतलें. बेंथॅमनें त्याची योजना उचलून धरली आणि हेन्री मॉड्स्ले या लोहकामांतील असामान्य कारागिरानें तीं यंत्रें घडविलीं. एकंदर २२ प्रकारचीं ४५ यंत्रें बसलीं आणि १८०८ सालीं त्यांवर १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. पूर्वीं ११० कुशल कारागीर जें काम करीत, तें आतां १० अकुशल माणसें करूं लागलीं.

या यंत्रमालिकेचें मर्म तिच्या पकडींत होतें. पहिल्या यंत्रावर लांकडाचा ठोकळा आवळून त्यास भोकें पाडतांनाच त्यावर खुणेचे खळगे उमटत. पुढच्या यंत्रांच्या पकडी नेमक्या त्याच खळग्यांत बसत. त्यामुळें ठोकळा एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला तरी त्याची जागा चुकत नसे. ठोकळा बसवावा, पकड आवळावी आणि दांडा फिरवावा, एवढेंच कामगाराकडे राहिलें. लांकूड लोखंडी पकडींत, हत्यार लोखंडी मार्गावर आणि हात दांड्यावर, अशी ही वांटणी होती. सांचा मागितला होता अचूकपणासाठीं. त्यानें त्याबरोबर हातासहि पात्यापासून दूर नेलें.

अमेरिकेंत याच मार्गानें टॉमस ब्लँचर्ड गेला. १८१९ च्या सुमारास त्यानें बंदुकीचे लांकडी दस्ते कोरण्याचें यंत्र काढलें व तें स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत चालूं लागलें. एका बाजूस दस्त्याचा नमुना फिरे, त्यास टेकलेलें एक चाक नमुन्याच्या चढउतारांप्रमाणें पुढेंमागें होई, आणि त्याच्याशीं जोडलेलें पातें शेजारच्या लांकडांत तोच आकार कोरी. दोन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान आहे. ज्यानें सांचा केला त्यास यंत्राचें बळ ठाऊक होतें. लांकडावर पातें किती जोरानें आदळणार, तें कोणत्या दिशेस ढकललें जाणार, आणि पकड ढिली पडली तर काय होईल, याचा विचार सांच्याच्या घडणींतच झालेला होता. पोर्टस्मथचीं कांहीं यंत्रें विसाव्या शतकापर्यंत काम देत राहिलीं, यावरूनहि त्या घडणीची कल्पना येते.

परंतु पोर्टस्मथचा हा कित्ता सर्वांनींच गिरविला असें झालें नाहीं. चक्री करवतीचा उल्लेख १७७७ सालच्या एका इंग्रजी पेटंटांत आढळतो. एकोणिसाव्या शतकांत ती लहानमोठ्या लांकूडगिरण्यांत पसरली. तेथें मेजाच्या फटींतून करवतीच्या चक्राचा कांहीं भाग वर आलेला असे आणि कामगार फळी हातांनींच पुढें सारीत असे. कापण्याचें बळ वाफेचें, पण लांकूड धरण्याचें काम मनुष्याच्या हाताचें, अशी ही अर्धवट व्यवस्था होती. लांकूडकामाच्या यंत्रांवर बोटें जाण्याचा इतिहास बहुतांशीं या अर्धवटपणाचा इतिहास आहे.

येथें घडतें काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. करवतीचे कामगाराकडील दांत खालीं जात असतात व लांकडास मेजावर दाबतात. पलीकडील दांत वर येत असतात. लांकडाच्या अंगच्या ताणामुळें कापलेली चीर मिटली, अथवा फळी किंचित् तिरपी झाली, तर ती या पलीकडच्या दांतांवर घासते. ते तिला उचलतात आणि कामगाराच्या अंगावर भिरकावून देतात. फळीवर दाबलेला हात फळीच नाहींशी झाल्यामुळें निराधार होतो व पुष्कळदां थेट पात्यावर पडतो. म्हणून करवतीच्या पाठीशीं, चिरेंत शिरून ती मिटूं न देणारी एक पोलादी पट्टी बसवितात. इंग्रजींत तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ही पट्टी व करवतीवरील आवरण या दोहोंवर बोटांची राखण मुख्यतः अवलंबून असते.

ब्रिटनमध्यें यंत्रांस कठडे घालण्याची सक्ती १८४४ च्या कायद्यानें कापडगिरण्यांपासून सुरू झाली. लांकूडकामाच्या यंत्रांचे सविस्तर नियम व्हावयास मात्र १९२२ साल उजाडावें लागलें. या नियमांत रायव्हिंग नाइफ आली, आवरण आलें, आणि हाताऐवजीं लांकूड पुढें सारण्यास एक काठी जवळ ठेवण्याची सक्ती आली. ज्या रंधायंत्रावर लांकूड हातानें सारतात, त्यांतील पात्यांचा कणा पूर्वीं चौकोनी असे व त्याच्या कोपऱ्यांमधील पोकळींत बोटें खोल ओढलीं जात; त्या जागीं लाटण्यासारखा वाटोळा कणा बसविणें भाग झालें. उभ्या कण्यावर पातीं फिरवून गोलची व नक्षी काढणाऱ्या यंत्राविषयींचें कलम आमच्या विषयास विशेष लागू आहे. शक्य असेल तेथें लांकूड सांच्यांत धरावें, आणि तो सांचा अपघाताचा संभव होतां होईल तों कमी करील अशा घडणीचा असावा, असा त्या कलमाचा भावार्थ आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कारखाना-नियमांत लांकूडयंत्रांसंबंधीं जीं कलमें आलीं तीं याच वळणाचीं होतीं. नुसता सांचा असून भागत नाहीं. त्याची घडण कशी आहे हें पाहावें लागतें, एवढें कायद्यासहि उमगलें होतें.

पुढें विजेनें हत्यार कारखान्याबाहेर आणलें. १८९५ सालीं जर्मनींत फाइन यानें हातीं धरावयाचें विजेचें भोकयंत्र काढलें. १९१७ सालीं अमेरिकेंत पिस्तुलासारख्या मुठीच्या भोकयंत्राचें पेटंट झालें. १९२० नंतरच्या दशकांत हातीं धरावयाची चक्री करवत निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पाश्चात्य देशांतील मध्यम वर्गाच्या घरांत हौशी सुतारांच्या लहान लहान कर्मशाळा उभ्या राहिल्या. हौसेच्या सुतारास कारखान्यांतील महागडे सांचे परवडत नाहींत. तो प्लायवुडचे तुकडे, स्क्रू व सरस घेऊन ते स्वतःच जुळवितो. यांत निंद्य असें कांहीं नाहीं. स्वतःचें हत्यार स्वतः करणें हा कारागिरीचा जुना अभिमान आहे.

मात्र एक मोठा फरक पडला. कारखान्यांत सांचा आंखणारा, तो तपासणारा व तो वापरणारा हे बहुधा निरनिराळे असत. घरीं हीं तिन्ही कामें एकाच मनुष्याकडे आलीं, आणि तो आपल्या सांच्याची परीक्षा एकाच कसोटीवर करूं लागला : कापलेला तुकडा मापांत आला कीं नाहीं? ही कसोटी खोटी नाहीं, पण अपुरी आहे. मापांतील चूक पहिल्याच तुकड्यावर दिसते. घडणींतील धोका शंभर तुकड्यांपर्यंत दिसत नाहीं आणि एकशेंएकाव्या तुकड्यास दिसतो. मधल्या शंभर निर्दोष तुकड्यांनीं कारागिराची खात्री उलट वाढलेली असते. घरगुती सांच्याचा खरा धोका या खोट्या खात्रींत आहे, असें आम्हांस वाटतें.

कांहीं उदाहरणें घेऊं. सारख्या लांबीचे तुकडे कापण्यासाठीं मेजावरील सरळ कठड्यास एक ठोकळा जोडतात व लांकडाचें टोंक त्यास टेकवितात. ठोकळा करवतीच्या बराच अलीकडे संपत असेल तर ठीक. तो करवतीपर्यंत गेला, तर कापलेला तुकडा ठोकळा व पातें यांच्यामध्यें अडकतो आणि गोळीसारखा उडतो. दुसरा सांचा लांकडास आडवें कापण्याच्या सरकत्या पाटाचा. पाट पुढें सारला म्हणजे त्याच्या अलीकडच्या भिंतींतून पातें बाहेर येतें, आणि ढकलणारा अंगठा नेमका तेथेंच असण्याचा संभव असतो. त्या जागीं एक जाड ठोकळा बसविला तर हें टळतें, पण मापाच्या दृष्टीनें ठोकळ्याची गरज नसल्यामुळें तो राहून जातो. तिसरा दोष खिळ्यांचा : लहान तुकडा सांच्यावर खिळ्यानें ठोकतात व पातें खिळ्यास लागतें. चौथा दोष आपल्या हवेचा. उन्हाळ्यांत सुरेख सरकणारी लांकडी पट्टी पावसाळ्यांत फुगून खोबणींत अडते. ती सरकावी म्हणून कारागीर अधिक जोर लावतो, आणि तो जोर एकाएकीं सुटतो तेव्हां हात कोठें जाईल याचा नेम राहत नाहीं. या सर्वांहून मोठा दोष असा कीं, सांचा बसविण्यास अडचण होते म्हणून आवरण व रायव्हिंग नाइफ हीं दोन्ही काढून ठेवण्यांत येतात, आणि सांचा निघाला तरी तीं पुन्हां बसत नाहींत.

अमेरिकेंतील ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या अंदाजाप्रमाणें मेजावरील करवतीचें पातें लागून तेथें दरसाल सुमारें ३०,००० जखमांवर इस्पितळांत उपचार होत आले आहेत. स्टीव्ह गॅस या पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलास १९९९ सालीं यावर एक उपाय सुचला. कातडीचा स्पर्श होतांच पातें सुमारें ५ सहस्रांश सेकंदांत थांबविणारी त्याची करवत २००४ पासून विकली जाऊं लागली. शोध मोलाचा खरा. परंतु तो पात्यास थांबवितो, उडालेल्या लांकडास नव्हे. शिवाय अशी करवत ज्यास परवडते त्याचा प्रश्न निराळा आणि आपल्या सुताराचा निराळा.

मुंबई, पुणें किंवा नाशिक येथें एखाद्या घराचें लांकूडकाम चालू असतां गच्चींत वा रिकाम्या खोलींत डोकावल्यास एक यंत्र पुष्कळदां दृष्टीस पडतें. प्लायवुडच्या तुकड्यांचें एक बुटकें मेज. त्याच्या पोटाखालीं दगड व फरशी कापण्याचें विजेचें हातयंत्र, ज्यास सुतार नुसतें कटर म्हणतात, उलटें आवळलेलें. आणि वरच्या फटींतून बाहेर आलेलें लांकूड कापण्याचें दांतेरी पातें. लांकडास धरण्याऐवजीं हत्यारासच धरणारा असा हा सांचा आहे. युक्ति म्हणून ती खरोखरच वाखाणण्यासारखी आहे. थोडक्या खर्चांत मेजकरवत तयार होते, ती एका हातानें उचलून जिना चढतां येतो, आणि काम संपतांच कटर सोडवून फरशीकडे वळवितां येतो.

परंतु या युक्तींत काय काय गळालें तें पाहा. कटर हातांनीं धरून चालविण्यासाठीं घडलेला. बोट काढतांच वीज तुटावी ही त्याच्या बटणाची योजना. उलटा टांगल्यावर तें बटण अडकवून अथवा बांधून ठेवावें लागतें, आणि यंत्र बंद करावयाचें तर मेजाखालीं वांकावें किंवा भिंतीकडे धांवावें लागतें. त्यांचें आवरण दगडाच्या चकतीसाठीं केलेलें, तेंहि बहुधा निघालेलें. रायव्हिंग नाइफ तर मूळांतच नाहीं, कारण दगडाची चीर मिटत नाहीं. आतां वेग पाहूं. अशा यंत्राचें पातें ११० मिलिमीटर व्यासाचें व त्याचे फेरे मिनिटास १२,००० च्या घरांत असतात. म्हणजे दांताचें टोंक सेकंदास सुमारें ६९ मीटर, अर्थात् ताशीं जवळजवळ २५० किलोमीटर वेगानें फिरतें. पात्यास ४० दांत असले तर एका सेकंदांत ८,००० दांत एका ठिकाणावरून जातात. चटका बसल्यावर हात मागें घेण्यास मनुष्यास सेकंदाचा पांचवा हिस्सा लागला, तरी तेवढ्यांत १,६०० दांतांनीं आपलें काम केलेलें असतें.

सुतारास हें कळत नाहीं असें समजूं नये. तो आपल्या बोटांस आपल्याहून अधिक जपतो, कारण त्याची पोळी त्यांवर आहे. तो हें करतो, कारण बांधेसूद मेजकरवत महाग व जड असते, तो आज या घरीं तर उद्यां त्या घरीं असतो, आणि काम अमुक दिवसांत व अमुक दरांत संपविण्याचा तगादा त्याच्या पाठीस असतो. हा तगादा लावणारे आपणच असतों. कायद्याचाहि त्यास फारसा आधार मिळाला नाहीं. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें विजेवर चालणाऱ्या ज्या जागेंत १० किंवा अधिक कामगार असत तीच सामान्यतः कारखाना मानली. तीन-चार जणांची सुतारांची टोळी व आपली गच्ची तिच्या बाहेरच राहिली. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टांत पुढें अंगठ्यास ३० टक्के व संपूर्ण तर्जनीस १४ टक्के असा कमाईच्या शक्तीचा ऱ्हास ठरलेला होता. पण ठेकेदार एक, घरमालक दुसरा आणि हत्यार सुताराचें स्वतःचें, अशा व्यवहारांत ती भरपाई कोणाच्या दारीं मागावी हेंच जखमी माणसास उमगत नाहीं.

तेव्हां घरगुती सांचे अजिबात नसावेत काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. १९२२ च्या नियमांतील लांकूड सारण्याची काठी ही कोणासहि फळीच्या तुकड्यांतून करतां येते, आणि ती उत्तम सांचा आहे. भेद घरगुती व विकतचा असा नसून, केवळ मापासाठीं केलेला व हाताचाहि विचार करून केलेला, असा आहे. सांचा पुरा झाला म्हणजे वीज जोडण्यापूर्वीं त्यास कांहीं प्रश्न विचारावेत. लांकूड या क्षणीं एकाएकीं नाहींसें झालें तर माझा हात कोठें जाईल? कापलेला तुकडा मोकळा पडेल कीं कोठें अडकेल? पातें सांच्यांतून जेथें बाहेर पडतें तेथें माझें बोट येऊं शकेल काय? आवरण व रायव्हिंग नाइफ न काढतां हें काम होईल काय? आणि जागेवरून न हलतां यंत्र बंद करतां येईल काय? यांपैकीं एकाचेंहि उत्तर मनाजोगें नसेल, तर तुकडा कितीहि मापांत येवो, सांचा अपुरा आहे असें समजावें.

घरमालकाच्या हातींहि कांहीं आहे. प्लायवुडचे मोठे तक्ते शहरांतील अनेक वखारींत बांधेसूद यंत्रावर मापाप्रमाणें कापून मिळतात. तो थोडा अधिक खर्च आपण कबूल केला तर गच्चींतील कापणी पुष्कळ कमी होते. जी राहील तिच्यासाठीं सुतारानें बरें यंत्र आणावें असें काम ठरवितांनाच सांगतां येतें, आणि त्याचा भार दरांत धरतां येतो. मुलांस त्या खोलींत न सोडणें व काम चालू असतां सुतारास हांक न मारणें, एवढें तर फुकटच करतां येतें.

१८०८ सालीं पोर्टस्मथच्या पकडीच्या यंत्रांवर दहा अकुशल माणसें उभीं होतीं, आणि त्यांचे हात दांड्यावर होते. आपल्या गच्चींत बसणारा सुतार त्यांच्याहून कितीतरी कुशल आहे, आणि त्याचा हात आज पात्यापासून चार बोटांवर आहे. तो तेथून मागें घेण्यास नव्या शोधाची गरज नाहीं. एक पोलादी पट्टी, एक आवरण, पायानें दाबून वीज तोडतां येईल असें एक बटण आणि कामास अर्धा दिवस अधिक, एवढ्यांत तें बहुतांशीं साधतें. यांतील शेवटची गोष्ट देणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.